फणसावरचं तिसरं गाडगं

१

मलंगगड उतरून आम्ही चौघे कल्याणात शिरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कंबरा धरल्या होत्या, तरी प्रत्येकाची चाल अशी होती की जणू बद्रिकेदार करूनच आलो. आगगाडी आता थेट हरद्वारापर्यंत जाते. त्यापुढचा हिमालय मात्र पायीच चढायचा. तेव्हा निघण्यापूर्वी घराजवळच्या डोंगरावर राहुटी ठोकून एक रात्र काढावी, म्हणजे कोण किती टिकतो ते कळेल, अशी महिपतरावांची योजना होती. आणि ते कळलंही. वाऱ्यानं राहुटी भिवाजी पाटलांच्या अंगावर बसली. दामाजीनं ती उचलेपर्यंत पाटील आतून शिव्या देत होते आणि महिपतराव बाहेरून त्यांना खुंटी तिरपी का मारायची ते समजावत होते. मी घोंगडीत होतो आणि तिथेच राहिलो.

महिपतरावांच्या परसात फणस आहे. त्याच्या एका आडव्या फांदीला आम्ही जाताना तीन गाडगी टांगून गेलो होतो. गंगेकडे जाणाऱ्याच्या हाती लोक आपापल्या माणसाच्या अस्थी देतात. त्या घरात आणायच्या नाहीत, भुईवर टेकवायच्या नाहीत, म्हणून झाडाला. एक गाडगं महिपतरावांच्या थोरल्या भावाचं, दुसरं दामाजीच्या आईचं, तिसरं दिवा गावच्या म्हाताऱ्या पाटलांचं, म्हणजे भिवाजीच्या वडिलांचं. तिन्हींना सारखीच हळदीत रंगवलेली फडकी. यात्रेचं सगळं सामान महिपतरावांनी हळदीच्या फडक्यांत बांधायला लावलं होतं. किडामुंगी लागत नाही आणि गर्दीत आपलं गाठोडं लांबून ओळखू येतं.

परसात पाऊल टाकलं आणि महिपतराव थांबले. फांदीला दोनच गाडगी होती.

तिसऱ्याच्या जागी सुतळीची गुंडाळी नीट करून अडकवलेली. खाली बेचक्यात पिवळं फडकं लोंबत होतं आणि त्यावर हाताएवढा लाल डाग होता.

भिवाजीनं डाग पाहिला. माणूस काळासावळा, पण त्या क्षणी पांढरा पडलेला मी पाहिला. मग तो वळला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हे गोविंदाचं काम. बापाच्या हाडांवर करणी केली त्यानं."

गोविंदा त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

२

मी मिठाच्या काट्यावर कारकून. दिवसभर गोण्या तोलून तोलून माणसंही तोलायची खोड लागली आहे. तेव्हा आमची मंडळी काट्यावर कशी उतरत होती ते आधी सांगून टाकतो.

महिपतरावांची उमेदीची वर्षं सरकारच्या मोजणीखात्यात, उत्तरेकडच्या डोंगरांत, राहुट्यांतून गेली. निवृत्तीनंतर तोलायला डोंगर उरला नाही, म्हणून ते आमचं सामान तोलत. दामाजी हा कल्याणचा कोळी. दोन गलबतं, खाडीकाठी शिंपल्यांच्या चुन्याची एक भट्टी, आणि बोलणं असं की दर शब्दाला जकात पडते की काय. भिवाजी दिव्याचा आगरी पाटील. शेत, मिठागर, मोठं घर. आमच्यासमोर तो शहरी मराठी बोले, आणि राग आला की ती गळून पडे. म्हातारे पाटील गेल्या पौषात गेले, तेव्हापासून त्याचा एकच जप होता: बापाला मी गंगेला नेणार, मी नेणार. धाकट्यानं नव्हे.

दोघा भावांचा वाटणीचा दावा ठाण्याच्या कोर्टात चालला होता. घर एकच, मधे भिंत घातलेली. आई आवडाबाई भिंतीच्या कुठल्या बाजूला राहते असं विचारलं, तर दिव्याचे लोक हसत. सकाळी इकडे, संध्याकाळी तिकडे.

भिवाजीनं वेळ घालवला नाही. दुपारच्या आत दिव्याला निरोप गेला आणि शनिवारी गावदेवीपुढे जातीच्या पंचांची बैठक ठरली. बापाच्या अस्थी चोरणाऱ्याला वाळीत टाकायला फार वेळ लागणार नव्हता. गोविंदाच्या थोरल्या मुलीचं, तुळसाचं, लग्न वैशाखात ठरलेलं. बाप वाळीत पडला की ते मोडलंच. सोयरे तसं सांगूनही गेले.

आमची गाडी सोमवारची होती.

"विठ्ठलराव," महिपतराव मला म्हणाले, "सोमवारी मी सामान बांधून निघून जायचं आणि इकडे त्या पोरीचं लग्न मोडायचं, हे मला जमायचं नाही. माझ्या फणसावरून गेलंय ते."

"करणी असली तर?" मी म्हणालो.

"असली तर ती सुतळी गुंडाळून ठेवते, असं दिसतं."

३

महिपतरावांनी आधी आपल्या घरातच विचारपूस केली. भागीरथीबाई, त्यांच्या पत्नी, चुलीपुढून न उठता उत्तरं देत होत्या, आणि त्यात नवऱ्याला चिमटेही होते. रात्री घरात कोण होतं? त्या आणि आवडाबाई. आवडाबाई आदल्या दिवशी काळे तीळ घेऊन आल्या होत्या. पुरुष डोंगरावर खेळायला गेलेले, म्हणून सोबतीला राहिल्या. भल्या पहाटे अंघोळ करून दिव्याला परत गेल्या. आणखी कोण आलं होतं? बाईंनी जरा थांबून सांगितलं, की दिवेलागणीला गोविंदा आला होता.

तो दारात उभा राहिला, आत आला नाही. बापाचं गाडगं कुठलं ते दाखवा, लांबून नमस्कार करतो, एवढंच म्हणाला. बाईंनी फणसाकडे बोट केलं. कुठलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मग त्यानं तिन्हींना मिळून नमस्कार केला आणि गेला.

"आणि माझी घडवंची परसात कुणी नेली ते तेवढं शोधा," बाई म्हणाल्या. "सकाळी फणसाखाली होती. हंडे भुईवर ठेवावे लागले मला."

महिपतरावांनी ती लाकडी घडवंची पुन्हा फणसाखाली नेऊन ठेवली आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

गोविंदाला आम्ही दुसऱ्या दिवशी दिव्यात त्याच्या पडवीत भेटलो. माणूस ताडमाड, पडवीच्या वाशाला डोकं लागू नये म्हणून मान तिरकी करून बसायची सवय झालेली. आत तुळसा तांदूळ निवडत होती, पण तिचे हात चालत नव्हते. महिपतरावांनी त्याला विचारलं, की अस्थी धुवायचं ठरलंय हे तुला माहीत होतं का. गोविंदानं मान हलवली. हे त्याला आज प्रथमच कळत होतं.

ही धुण्याची गोष्ट अशी. मातीचं गाडगं डोंगरात फुटतं आणि जडही होतं. म्हणून मलंगगडाहून परतल्यावर तिन्ही गाडगी उघडायची, अस्थी दुधानं धुवायच्या, वाळवायच्या आणि रेशमी थैल्यांत भरून गळ्यात अडकवायच्या, असं महिपतरावांनी डोंगरावर निघायच्या आधी ओटीवर जाहीर केलं होतं. तेव्हा आम्ही चौघे होतो आणि तीळ घेऊन आलेल्या आवडाबाई होत्या.

आणि डोंगरावर, राहुटी अंगावर पडण्याच्या आधी आणि नंतरही, भिवाजीनं महिपतरावांना फिरून फिरून विचारलं होतं: धुणं जरुरीचंच आहे का? गाडगं तसंच नेलं तर शास्त्राला चालत नाही का? मी ते ऐकलं होतं आणि मनाशी नोंदलंही होतं, की पाटलाला बापाचा विरह अजून फार आहे.

गोविंदा आम्हाला बांधापर्यंत सोडायला आला. तिथे म्हणाला, "भाऊ माझा वाईट नाय. दाव्यानं डोसकं फिरलंय दोघांचं. पन मी बापाला हात लावला नाय, म्हाराज. मना लावूच दिला नाय."

परतीच्या होडीत महिपतरावांनी खिशातून ते फडकं काढलं, लाल डागाकडे पाहिलं आणि माझ्यापुढे हात केला. "चंची काढा."

४

मी पानाची चंची दिली. त्यांनी चुन्याची डबी उघडली, बोटावर थोडा चुना घेतला आणि फडक्याच्या कोऱ्या पिवळ्या कोपऱ्यावर चोळला. कोपरा डोळ्यांदेखत लाल झाला. जुन्या डागाशी रंग अगदी जुळला.

आमच्या बायका घरोघरी हळदीला चुना लावून कुंकू करतात. आणि आम्ही सगळे, मोजणीखातं आणि मिठाचा काटा धरून, कालपासून त्या डागाला रक्त समजत होतो.

"पण उरलेली दोन फडकी पिवळीच आहेत," मी म्हणालो.

"त्या गाडग्यांत अस्थी आहेत."

होडीवाला वल्हवत होता. खाडीला ओहोटी लागलेली. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग मला मोठ्यानं म्हणवेना. तिसऱ्या गाडग्यात चुना होता. चुन्याची भट्टी आमच्यापैकी एकाचीच होती.

दामाजी भट्टीवरच भेटला. महिपतरावांनी त्याच्यापुढे फडकं पसरलं. तो त्याकडे न बघता खाडीकडे बघत राहिला. शेवटी महिपतरावांनी त्याला स्पष्ट विचारलं: तुझी काही अदावत होती का म्हाताऱ्या पाटलांशी? त्यावर तो प्रथमच चिडला.

"पाटलाच्या बांधाला माझं गलबत बांधाया त्यानं कवा पैसा घेतला नाय. मी त्याच्या हाडांना हात लावीन?"

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. पाटील गेले ती पौषातली अवस. तिसऱ्या दिवशी, अस्थी वेचण्याच्या दिवशी, दामाजीचं गलबत दिव्याला भात भरत होतं. दुपारचं उधाण इतकं आलं, की त्याला गलबत सोडून वर घ्यावं लागलं. आणि मसणवट? ती पाण्याखाली होती. ओहोटीनंतर तिथे चिखल राहिला, बाकी काही नाही. त्याला वाटलं, मुलांनी पहाटेच वेचलं असेल. संध्याकाळी भिवाजी भट्टीवर आला आणि भाजलेल्या शिंपल्या ओंजळभर मागून घेऊन गेला. घराला सफेदी करायची, म्हणाला.

"सुतकात?" महिपतराव म्हणाले.

"म्हनूनच मी कुनाला बोललो नाय."

भाजलेली शिंपली पांढरी, ठिसूळ, वाकडी. हाडाच्या तुकड्याशेजारी ठेवली तर मलाही ओळखता येणार नाही. पाणी घातलं की मात्र ती फसफसते, तापते आणि फुटते. दुधानं धुवायला घेतली असती, तर महिपतरावांच्या ओटीवर, सगळ्यांसमोर, भिवाजीचा बाप उकळायला लागला असता.

"म्हणजे भिवाजीनंच नेलं," मी म्हणालो.

"भिवाजी रात्रभर माझ्या राहुटीखाली शिव्या देत होता, विठ्ठलराव. तुम्ही घोंगडीत असलात तरी कान बाहेर होते ना?"

५

आवडाबाई दिव्याच्या बांधावर एकट्या शेणी थापत होत्या. बुटकी, काटक म्हातारी. उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या, म्हणून डाव्या हातानं थापत होत्या. महिपतराव त्यांच्यासमोर उकिडवे बसले. मी थोडा मागे उभा राहिलो. असल्या वेळी कुठे बघावं ते मला अजून कळलेलं नाही.

महिपतरावांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "बाई, बोटं भाजली ती ओल्या हातानं चुना धरल्यामुळे ना?"

त्यांनी हात शेणात तसाच राहू दिला. मग सांगायला लागल्या, आणि सांगताना एकदाही वर पाहिलं नाही. त्यातलं बरंच मी इथे माझ्या शब्दांत देतो, कारण त्यांचे शब्द मला लिहवत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही मुलगे ठाण्याला गेले. दाव्याची तारीख होती. सुतकात माणूस देवळात जात नाही, पण कोर्टात जातो. आपण गेलो नाही आणि दुसरा गेला, तर हुकूम त्याच्या बाजूनं होईल अशी दोघांनाही भीती. थोरला म्हणाला, संध्याकाळी येऊन वेचतो. धाकट्याला वाटलं, थोरल्यानं पहाटेच वेचलं. दुपारी आवडाबाई याच बांधावर उभ्या होत्या. बायकांनी मसणात जायचं नसतं, म्हणून गेल्या नाहीत. पाणी चढताना पाहत राहिल्या. राख आधी फुगून वर आली, मग पसरली, मग गेली. संध्याकाळी थोरला भरलेलं गाडगं घेऊन आला. त्यांनी ओवाळलं, दारात टांगलं आणि गप्प राहिल्या.

धुवायचं ठरलं हे ओटीवर ऐकलं तेव्हा त्यांना पोराची अब्रू जाताना दिसली. पहाटे अंघोळ करून, घडवंचीवर चढून त्यांनी गाडगं काढलं. कुठलं ते त्यांना ठाऊक होतं. फडकं त्यांनीच बांधलेलं. पण लगेच नेलं नाही. आधी उघडून बघितलं.

"का?" महिपतरावांनी विचारलं.

"वाटलं, मीच खोटी असंन. एखादं तरी हाड निघंल."

ओला हात आत घातला आणि बोटं भाजली. चुना लागलेल्या त्या हातातून फडकं सुटलं. गाडगं पदराखाली घेऊन त्या निघाल्या आणि वाटेत खाडीत सोडून दिलं. एका पोराची लाज झाकायला गेल्या आणि ती दुसऱ्याच्या डोक्यावर पडली, हे त्यांना घरी आल्यावर कळलं.

"शनवारी मी काय बोलू ते तुमीच सांगा," त्या म्हणाल्या. "थोरल्याला उघडा पाडू का धाकल्याला बुडवू?"

 

६

शनिवारी बैठकीच्या आधी महिपतरावांनी भिवाजीला बांधाच्या आडोशाला गाठलं आणि ते फडकं दाखवलं. एका टोकाला जुना डाग, दुसऱ्या टोकाला माझ्या चंचीतला चुना. भिवाजीनं दोन्हींकडे पाहिलं. महिपतराव त्याला म्हणाले, की नेलं कुणी ते मला माहीत आहे आणि तो गोविंदा नाही. तू एवढं म्हण, की माझा संशय चुकीचा होता. बाकी काही म्हणू नकोस, मीही म्हणणार नाही.

यापेक्षा स्वस्तात कुणी सुटलं नसतं. भिवाजीनं मान डोलावली, उपरणं सारखं केलं आणि बैठकीकडे चालू लागला. मला वाटलं, मिटलं.

गावदेवीपुढे पंच बसले होते. गोविंदाला एका बाजूला उघड्या भुईवर बसवलं होतं, आणि त्याच्याभोवती दोन खाटा मावतील एवढी जागा लोकांनी मोकळी सोडली होती. थोरल्या पंचानं, काळुरामनं, भिवाजीला विचारलं, तुझी तक्रार कायम आहे का? भिवाजी उभा राहिला. सगळा गाव, सगळी भावकी त्याच्याकडे पाहत होती. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "कायम."

महिपतराव उठले. बाहेरचा माणूस, तरी पंचांनी बोलू दिलं. ते मोजणीखात्यात बोलत तसं बोलले, एकेक खूण रोवत. फांदी अशी, की गोविंदा हात वर करून तिला सहज शिवतो. नेणाऱ्याला मात्र घडवंचीवर चढावं लागलं. तीन गाडगी सारखी, तीन फडकी सारखी. तरी नेणाऱ्यानं बाकीच्या दोघांना हातही लावला नाही. म्हणजे कुठलं ते त्याला माहीत होतं. गोविंदाला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं तिन्हींना नमस्कार केला. माझ्या बायकोनं पाहिलं. चोर सुतळी कापतो. इथे गाठ सोडवून सुतळी गुंडाळून ठेवली होती. ही घर चालवणाऱ्या माणसाची सवय. डाग रक्ताचा नाही, करणीचाही नाही. एवढं मी शपथेवर सांगतो.

"मग कुनी नेलं?" काळुराम म्हणाला.

फडकं महिपतरावांच्या मुठीत होतं. ते त्यांनी उघडून दाखवलं नाही.

बायका देवळाच्या मागल्या अंगाला बसल्या होत्या. तिथून आवडाबाई उठल्या. "मी नेलं."

काळुरामनं विचारलं, कशाला? म्हातारीनं पदर सावरला आणि सांगितलं, की नवऱ्याला एवढ्या लांब, थंडीत, बर्फात धाडायला मन होईना. खाडीतच सोडला. इथेच जन्मला, इथेच राहू दे.

खोटं इतकं चांगलं होतं, की पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकामाणूस, त्यात दुःखी. काळुरामनं इकडेतिकडे पाहिलं आणि देवीला पाच नारळ देऊन हे मिटवावं असं ठरत आलं. लोक सैल झाले. कुणीतरी तंबाखू काढली. गोविंदा सुटला, तुळसाचं लग्न वाचलं, भिवाजीची पत वाचली. हिशेब असा जुळला होता, की मीसुद्धा त्यावर सही केली असती.

भिवाजी अजून उभाच होता. सगळे बसले आणि तो उभा राहिला, म्हणून लोक पुन्हा त्याच्याकडे पाहू लागले. आईनं लांबून हातानं खूण केली: बस खाली. तो बसला नाही.

"आयेनं बापूस नाय चोरला," तो म्हणाला. शहरी मराठी कुठल्या कुठे गेली होती. "आयेनं चुना चोरला. गारग्यान बापूस नव्हताच. बापूस मी कवाच घालवला. तारखेला गेलो, पानी आलं, नि बापूस गेला. मंग शिंपल्या भरल्या. नि धाकल्याचं नाव घेतलं."

आमच्यातला एकही माणूस त्या वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू शकला नाही. पंच भुईकडे पाहत होते. चोराला वाळीत टाकायची रीत त्यांना ठाऊक होती. याला काय करायचं, ते त्यांच्या बापजाद्यांनीही कधी ठरवलं नव्हतं. गोविंदानं तोंड झाकून घेतलं होतं. पहिल्यांदा मला वाटलं, रागानं. मग लक्षात आलं, त्या तारखेला कोर्टाच्या बाकड्यावर तोही होताच.

आवडाबाई बायकांतून बाहेर आल्या. पंचांपुढून बायकांनी चालत जायची रीत नाही. त्या चालत आल्या आणि दोन मुलांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. फार दमल्यासारख्या दिसत होत्या.

"सोमवारी मना बी येयाचं हाय," त्या महिपतरावांना म्हणाल्या.

महिपतराव गडबडले. वाट उभी आहे, बाई, तुमचे गुडघे चालणार नाहीत, म्हणाले. तिथे म्हाताऱ्या माणसांना उचलून नेणारे पहाडी मिळतात, ते बघावे लागतील.

"ते कशाला? दोन हायेत ना घरान." त्यांनी मुलांकडे पाहिलं नाही. "बापाला उचलाया एक बी नव्हता. मना जितेपनी उचला. झोळी करा."

हा निवाडा आपण दिला असं पुढे काळुराम सांगत असे; पण तो तेव्हा गप्पच होता.

महिपतरावांच्या हाती योजना आली, की मग त्यांना प्रसंग दिसत नाही. ते तिथल्या तिथे बोलू लागले, की झोळीला लांब आणि हिरवा बांबू घ्यावा, दोघांनी पाय जुळवून चालावं, अधूनमधून बदली करावी. बदली नसेल तर आधी एक गोष्ट ठरवा, म्हणाले. चढावर सगळा भार मागच्याच्या खांद्यावर येतो आणि बद्रिकेदाराला चढच फार. तेव्हा उंच आणि ताकदीचा मागे हवा. गोविंदा उठायला लागला.

"मागं मी," भिवाजी म्हणाला.